बोटींचा करार, माशाचा नव्हे

१९७९ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाने ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यासमोर १९ अमेरिकी मासेमारी बोटी पकडल्या. या बोटी अल्बाकोर ट्यूना मारत होत्या आणि ती जागा कॅनडाने जाहीर केलेल्या २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात येत होती. अमेरिकेचे म्हणणे असे, की पट्टा तुमचा असेल, पण ट्यूना तुमचा नाही. महिना संपायच्या आत, ३१ ऑगस्टला, अमेरिकेने कॅनडातून येणाऱ्या झाडून सगळ्या ट्यूनावर आयातबंदी घातली. लांबलचक सरहद्द शांतपणे वाटून घेणारे हे दोन शेजारी एका माशावरून असे हमरीतुमरीवर आले. आज पॅसिफिक किनाऱ्यावर दोघांमध्ये जो अल्बाकोर करार चालतो, तो या भांडणातून जन्मला. किती मासे मारायचे हे तो सांगत नाही. कोणाच्या किती बोटी कुठे जातील, एवढेच सांगतो. पुढची चाळीस वर्षे वाद का चिघळत राहिला, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे.

आधी माशाबद्दल. अल्बाकोर हा आपल्याकडच्या कुपा-गेदरच्या गोतातलाच. छातीचे पर मात्र इतके लांब की ओळखायला दुसरी खूण लागत नाही. उत्तर पॅसिफिकमधला हा मासा अंडी घालतो समुद्राच्या पश्चिम आणि मध्य भागातल्या उबदार पाण्यात. त्यातली दोन ते पाच वर्षांची पोरे उन्हाळ्यात अख्खा महासागर ओलांडून अमेरिकी किनाऱ्यासमोर येतात, खाऊन-पिऊन माजतात आणि परत जातात. म्हणजे ऑरेगनच्या बोटीवर चढणारा मासा ऑरेगनमध्ये जन्मलेला नसतो, आणि त्याची पिल्लेही तिथे होत नाहीत. त्याला हवे असते साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअसचे स्वच्छ निळे पाणी. किनाऱ्यालगतचे पाणी थंड आणि हिरवट असते. हिरवे पाणी संपून निळे जिथे सुरू होते, त्या कडेला मासा सापडतो. ही कड कधी वॉशिंग्टनसमोर असते, कधी व्हँकुव्हर बेटासमोर. सरहद्दीची रेघ तिला ठाऊक नाही.

पकडण्याची रीत जुनी आणि साधी आहे. बोटीच्या दोन्ही बाजूंना लांब काठ्या पसरायच्या, त्यांना आणि मागच्या अंगाला दहा-वीस दोऱ्या बांधायच्या, टोकाला पिसांसारख्या झुपक्यात लपवलेला गळ, आणि बोट पाच-सहा नॉटच्या चालीने नेत राहायची. याला ते ट्रोलिंग म्हणतात. (ट्रोलर म्हणजे आपला ट्रॉलर नव्हे. त्याला जाळे नसते, तो तळ खरवडत नाही.) मासा वर आला की लगेच रक्त काढायचे आणि थंड करायचा, नाहीतर मांसाचा रंग जातो. आणि रंग गेला की भावही गेला, कारण अमेरिकेत डब्यावर ‘व्हाइट’ ट्यूना लिहायचा मान एकट्या अल्बाकोरला आहे.

या पांढऱ्या मांसाची गोडी लागली १९०३ मध्ये. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन पेद्रोत अल्बर्ट हाफहिल यांचा सार्डिनचा कारखाना होता. सार्डिन येईनासा झाला, तेव्हा त्यांनी अल्बाकोर वाफवून डब्यात भरला. कोंबडीसारखा लागतो म्हणत लोकांनी तो उचलला. १९२६ च्या सुमारास कॅलिफोर्नियासमोरचा अल्बाकोर जवळपास नाहीसा झाला. काही वर्षांनी, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, तो थेट ऑरेगन-वॉशिंग्टनसमोर दिसू लागला आणि कोलंबिया नदीच्या मुखावरच्या अॅस्टोरियातले कारखाने त्याच्या मागे लागले. हा मासा ठिकाण बदलतो, हे किनाऱ्याला तेव्हाच कळले होते.

ट्यूना कोणाचाच नाही, हे अमेरिकेचे तत्त्व मात्र अल्बाकोरमुळे आलेले नाही. ते आले दक्षिणेकडून. १९५२ मध्ये चिली, पेरू आणि इक्वेडोर यांनी सँटियागो घोषणापत्र काढून २०० मैलांवर हक्क सांगितला आणि तिथे ट्यूना मारायला जाणाऱ्या सॅन दिएगोच्या बोटी पकडायला सुरुवात केली. अमेरिकेने १९५४ मध्ये कायदाच केला : परक्या देशाने असा दंड वसूल केला, तर बोटीवाल्याला तो सरकारी तिजोरीतून भरून मिळेल. दंड सरकार भरणार असेल तर कोण मागे हटेल? १९७६ च्या मॅग्नुसन कायद्याने अमेरिकेने स्वतःसाठी २०० मैल घेतले, पण ट्यूनासारखे दूरवर फिरणारे मासे त्यातून मुद्दाम वगळले. आपल्या पाण्यातल्या ट्यूनावर हक्क सांगितला असता, तर इक्वेडोरला नाही म्हणायला तोंड उरले नसते. याच कायद्यात आणखी एक कलम होते. अमेरिकेला मान्य नसलेल्या हक्काच्या नावाखाली कोणी तिची बोट पकडली, तर त्या देशाचे मासे बंद. १९७९ मध्ये कॅनडावर लागले ते हे कलम. पर्ससीनवाल्या (थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या) सॅन दिएगोसाठी धरलेल्या हट्टाची झळ लागली ती उत्तरेकडच्या गळाने मासे मारणाऱ्या लहान बोटींना आणि कॅनडाच्या निर्यातदारांना.

कॅनडा गॅटकडे, म्हणजे देशादेशांतल्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या कराराच्या दारात गेला. बंदी वर्षभरानंतर, सप्टेंबर १९८० मध्ये उठली, तरी कॅनडाने तक्रार मागे घेतली नाही, कारण कलम पुस्तकात शाबूत होते. अमेरिकेने बचाव मांडला तो संपणाऱ्या साधनसंपत्तीच्या संवर्धनाचा. पंचांनी विचारले, मग तुमच्या घरात तुम्ही काय मर्यादा घातली आहे? काही ठिकाणच्या काही जातींवर होती. अल्बाकोरवर काहीच नव्हती. फेब्रुवारी १९८२ मध्ये स्वीकारलेल्या अहवालात बंदी नियमाबाहेरची ठरली. व्यापार आणि पर्यावरण यांच्या भांडणात पुढे गाजलेल्या कितीतरी खटल्यांच्या आधीचा हा खटला, आणि त्याच्या मुळाशी या १९ बोटी.

निकाल यायच्या आधीच दोघांनी तडजोड केली होती. २६ मे १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या झाल्या आणि जुलैअखेर तो लागू झाला. हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांनी शहाणपणाने बाजूला ठेवला. किनाऱ्यापासून १२ मैलांपलीकडे एकाच्या बोटींनी दुसऱ्याच्या पाण्यात अल्बाकोर मारायचा आणि ठरलेल्या बंदरांत जाऊन माल उतरवायचा, डिझेल-पाणी घ्यायचे, एवढेच ठरले. कॅनडाकडून प्रिन्स रुपर्ट, व्हिक्टोरिया, युक्लुलेट वगैरे. अमेरिकेकडून वेस्टपोर्ट, अॅस्टोरिया, न्यूपोर्ट वगैरे. बोटींची संख्या? अमर्याद. मासा किती? तोही अमर्याद. आत शिरण्याआधी कळवायचे, नोंदवही ठेवायची आणि बोटीच्या क्रमांकापुढे देशाचे एक अक्षर रंगवायचे : अमेरिकीला ‘यू’, कॅनडाच्या बोटीला ‘सी’.

पुढे अमेरिकेने आपले तत्त्वच सोडले. १९९० च्या दुरुस्तीने ट्यूना अमेरिकी अधिकारात आला. अंमल १९९२ पासून. ज्या मतभेदामुळे करार झाला तो मतभेद संपला, करार मात्र राहिला. कारण त्याच्यावर आता लोकांचा धंदा उभा होता.

आणि त्याच दशकात ब्रिटिश कोलंबियाचा साल्मन घटला. साल्मन गळाने धरणाऱ्या बोटी अल्बाकोरला तशाच्या तशा चालतात. काठ्या त्याच, माणसे तीच. कॅनडाच्या बोटी दक्षिणेकडे वळल्या आणि त्यांच्या अल्बाकोरचा बहुतांश अमेरिकी पाण्यातून येऊ लागला. अमेरिकी बोटींना उत्तरेला जायचे कारण थोड्याच वर्षी पडे. कागदावर बरोबरी होती, पाण्यात राहिली नाही. २००२ मध्ये दुरुस्ती ठरली आणि २००४ पासून मर्यादा आली. पहिल्या वर्षी १७० बोटी किंवा ६८० ‘बोट-महिने’, मग १४० बोटी किंवा ५६०, मग १२५ बोटी किंवा ५००. बोट-महिना म्हणजे एका बोटीचा एक महिना. शिस्तशीर हिशेब, पण तोही माशाचा नाही, बोटींचाच.

२००९ ते २०११ मध्ये आकडा ११० वर होता. अमेरिकी बोटीवाल्यांचे गाऱ्हाणे तेव्हा टोकाला गेले : आपल्याच अंगणात गर्दी, एकमेकांच्या दोऱ्या तुटतात, आणि पलीकडच्यांकडून परतफेड म्हणावी असे काही नाही. बंदरावर मासळी घेणारे मात्र या सुरात नव्हते. कॅनडाची बोट वेस्टपोर्टला माल उतरवते तेव्हा तिथल्या कारखान्याला काम मिळते. मला वाटते, या वादात देश विरुद्ध देश असे चित्र रंगवणे सोपे असले तरी खरी फट धक्क्यावरच होती, बोटवाला आणि खरेदीदार यांच्यात. २०१२ साठी दोघांचे जुळले नाही आणि त्या हंगामात कोणाचीही बोट दुसऱ्याच्या पाण्यात गेली नाही. कॅनडाचा त्या वर्षीचा अल्बाकोर आधीच्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास आला. मासा तिकडे, परवाना इकडे. २०१३ मध्ये वाट पुन्हा उघडली, पण अमेरिकी पाण्यात कॅनडाच्या फक्त ४५ बोटींसाठी. पुढच्या मुदतवाढींतही हाच आकडा धरला गेला.

मग माशाचा हिशेब कोण ठेवतो? तो या करारात नाहीच. उत्तर पॅसिफिकच्या अल्बाकोरचा सर्वांत मोठा वाटा जपानी बोटी उचलतात. कॅनडा-अमेरिका मिळून किनाऱ्यावर मारतात तो त्या मानाने लहान. साठ्याचा अंदाज १९९५ मध्ये अमेरिका-जपान यांनी सुरू केलेली आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समिती बांधते. नियम पूर्व आणि पश्चिम पॅसिफिकचे दोन आयोग करतात. २००५ मध्ये दोघांनीही एकच गोष्ट सांगितली : मासेमारी आहे त्यापेक्षा वाढवू नका. साठा किती घसरला की काय करायचे, हे आधीच ठरवणारी पद्धत यायला २०२२-२३ उजाडले. समितीच्या मोजणीत हा साठा अजून धोक्यात नाही, म्हणून ही दिरंगाई निभावली. २००७ मध्ये अमेरिकी बोटवाल्यांच्या एका संघटनेला शाश्वत मासेमारीचे एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचे) प्रमाणपत्र मिळाले; ट्यूनाच्या धंद्यात जगात पहिले. गळाने एकेक मासा ओढणाऱ्यांचा तो मान होता.

किनाऱ्यावर मात्र जून आला की चौकशी होते ती दोनच गोष्टींची : यंदा निळे पाणी कुठे लागले, आणि ४५ च्या यादीत आपली बोट आहे का. असेल, तर क्रमांकापुढचा ‘सी’ धड वाचता येतोय ना, हे बघून घ्यायचे.