गरोदरपणातला वांग आणि गोरेपणाची डबी

पाचव्या-सहाव्या महिन्यात गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छटा उमटू लागते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण असतं, फोटो काढायचे असतात. मग पार्लरवाली एखादं क्रीम सुचवते, नाहीतर नाक्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ट्यूब घरी येते. गरोदरपणात त्वचेला काय लावावं, या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी या ट्यूबची आणि डबीची वाटते. मॉइश्चरायझर, साबण, खोबरेल तेल यांवर घरोघरी बराच खल होतो. त्यांत घाबरण्यासारखं फार काही नाही.

वांग हा रोग नव्हे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढतात, त्वचेतल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवू लागतात आणि ऊन त्याला आणखी चेव देतं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेकींचा वांग आपोआप फिका होतो. म्हणजे घाई कसलीच नाही. घाई असते ती आजूबाजूच्या लोकांना.

आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या डागांच्या मलमात बहुधा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड. हायड्रोक्विनोनचा रेणू अगदी लहान, जेमतेम ११० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरू शकतात. हायड्रोक्विनोनचा तर लावलेल्यापैकी ३५ ते ४५ टक्के भाग शरीरात शोषला जातो. त्याने बाळाला इजा झाल्याचा पुरावा नाही. पण नुसत्या डागासाठी इतकं औषध रक्तात का जाऊ द्यायचं, म्हणून डॉक्टर ते टाळतात. सौम्य स्टेरॉइड डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलं तर भीती नाही. तीव्र स्टेरॉइड मात्र गरोदरपणात मोठ्या प्रमाणात वापरलं, तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आढळला आहे. शिवाय चेहऱ्याची कातडी पातळ होते ती वेगळीच. खोक्यावर आरएक्स (Rx, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच द्यायचं) आणि डाव्या बाजूला लाल उभी रेघ असेल, तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही.

याहून वाईट म्हणजे गोरेपणाच्या काही क्रीममध्ये घातलेला पारा. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराचं (एन्झाइमचं) काम बंद पाडतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. तोच पारा मूत्रपिंडात साठतो आणि वारेतून गर्भापर्यंतही पोहोचू शकतो. क्रीम लावणाऱ्या बाईच्या टॉवेलवरून आणि उशीवरून घरातल्या लहान मुलांच्या अंगातही तो जातो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली मूत्रपिंडाच्या एका दुर्मीळ विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले. डॉक्टरांनी खोलात चौकशी केली, तेव्हा त्यांतले बरेचजण गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचं कळलं. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे, तरी बाहेरून आलेल्या डब्यांत तो सापडतो. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर ती डबी घेऊच नका. ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’ किंवा ‘कॅलोमेल’ लिहिलेलं दिसलं, तर प्रश्नच मिटला. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना असेल, तरीही सावध व्हा, कारण पारा सोन्या-चांदीला धरतो.

मग लावायचं काय? मुंबईत आधी सनस्क्रीन, आणि तेही पावसाळ्यात सोडायचं नाही, कारण ढगांतूनही अतिनील किरण येतात. या किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. ऑफिसच्या खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन गरोदरपणात निर्धास्त वापरता येतं. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत मात्र साधा दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो आणि पांढरं सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत, टिंटेड सनस्क्रीन घ्यावं. ही गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

डागांवर काही लावायचंच असेल, तर डॉक्टरांना अॅझेलेइक अॅसिडबद्दल विचारा. ते जेमतेम ४ टक्के शोषलं जातं आणि मुरुमांवरही चालतं. नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी३चं एक रूप) आणि व्हिटॅमिन सीलाही हरकत नाही. सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश चालतो, पण अंगभर पील, म्हणजे तीव्र अॅसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं, नको.

राहिलं रेटिनॉल, म्हणजे क्रीममध्ये घालतात ते अ जीवनसत्त्वाचं एक रूप. वरच्या मलमातलं ट्रेटिनॉइनही त्याच्याच कुळातलं. याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या मुरुमांच्या गोळ्यांनी बाळाच्या कान, हृदय आणि मेंदूत गंभीर व्यंगं येतात. गोळी घेत असताना दिवस गेल्याचं कळलं, तर ती लगेच बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्रीममधून शोषण अगदी थोडं होतं, आणि दिवस गेल्याचं कळण्याआधी ट्रेटिनॉइन क्रीम लावलेल्या बायकांच्या अभ्यासांत व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. तरीही ते बंद करायचं. तुम्ही नकळत लावलं असेल, तर रात्रीची झोप घालवू नका. पुढच्या तपासणीला जाताना ती ट्यूब पिशवीत टाकून न्या आणि डॉक्टरांना दाखवा.