जुन्या भिंतीवर नवी वीट

जर्मनीतल्या कोलोन शहरात ‘कोलुंबा’ हे कला संग्रहालय आहे. त्याच्या राखाडी भिंतीत मध्येच गॉथिक खिडकीची कमान दिसते, कुठे तुटक्या दगडी भिंतीचा तुकडा. हे संत कोलुंबाच्या चर्चचे अवशेष. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत हे चर्च उद्ध्वस्त झालं, पण मेरीमातेची एक मूर्ती वाचली. युद्धानंतर वास्तुरचनाकार गॉटफ्रीड ब्योम यांनी तिच्यासाठी ढिगाऱ्यातच छोटं अष्टकोनी प्रार्थनागृह बांधलं. १९७० च्या दशकातल्या उत्खननात खाली थेट रोमन काळापर्यंतची बांधकामं सापडली.

या सगळ्याला सामावून घेणारं संग्रहालय स्विस वास्तुरचनाकार पीटर झुमथॉर यांनी रचलं. २००७ मध्ये ते खुलं झालं. त्यांनी नव्या विटा जुन्या भिंतींवरच चढवल्या. मला या इमारतीतला सर्वांत धाडसी निर्णय हाच वाटतो.

बॉम्बने फुटलेल्या भिंतीची कड कधीच सरळ नसते. म्हणून डेन्मार्कमध्ये खास वीट घडवून घेतली गेली: सुमारे ५४ सेंटीमीटर लांब, पण उंचीला जेमतेम चार. थर इतका पातळ असला की गवंड्याला वेड्यावाकड्या कडेशी जुळवून घेता येतं, उरलेला फरक विटांच्या थरांमधल्या जाड दरजा (सांधे) भरून काढतात.

पण अवशेषांच्या वर असलेल्या प्रदर्शनाच्या दालनांचं ओझं? उत्खननाच्या जागेतून उंच, सडपातळ खांब वर जातात. खांब जितका बारीक, तितके अवशेष कमी दुखावतात. मात्र बारीक, उंच खांब बहुधा चिरडून मोडत नाही, तो बाजूला वाकून मोडतो. बाकी सगळं तेच ठेवून अशा खांबाची उंची दुप्पट केली, तर वाकण्याआधी त्याला पेलणारा भार एक चतुर्थांशावर येतो. इथे बारीकपणा किती परवडेल, हे गणितच ठरवतं.

अवशेषांभोवतीच्या भिंतीत वरच्या भागात असंख्य छिद्रं सोडलेली आहेत. त्यांतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी आत उतरतं आणि हवाही खेळते. जुन्या दगडविटांच्या बाबतीत हवेचा प्रश्न नाजूक असतो. जमिनीतली ओल भिंतीत चढताना विरघळलेले क्षार सोबत आणते. बंद, तापवलेल्या खोलीत कोरड्या हवेमुळे पाणी झपाट्याने उडतं, क्षारांचे स्फटिक दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत वाढतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. छिद्रांच्या भिंतीमुळे आतली हवा बाहेरच्या हवेच्या जवळपास राहते आणि असा कृत्रिम कोरडेपणा टळतो.

वरच्या दालनांत मात्र उलट गरज असते. चित्रांना आणि लाकडी मूर्तींना तापमानातले चढउतार सोसत नाहीत. तिथल्या भिंती सुमारे ६० सेंटीमीटर जाड आहेत. एवढं वस्तुमान तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही, त्यामुळे बाहेरच्या दिवसरात्रीचा फरक आत पोहोचेपर्यंत बराच बोथट होतो.