जेईई केली की सीईटी आपोआप निघते?

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेतानाही पालक एकमेकांना हेच सांगतात. ते खरं नाही. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या देशपातळीवरच्या जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न असतात; राज्याच्या सीईटीत तेवढ्याच वेळात १५०. त्यातही भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत उरकायचे, उरलेल्या ९० मिनिटांत गणिताचे ५०. जेईईत उत्तर चुकलं की एक गुण कापला जातो, म्हणून शंका आली की मुलं प्रश्न सोडून देतात. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे ही सवय थेट नुकसान करते. पुण्यातल्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बहुतांश जागा सीईटीवरच भरतात. तेच कॉलेज हवं असेल, तर बोर्डाची परीक्षा संपायची वाट न पाहता घड्याळ लावून सीईटीचे पेपर सोडवायला घ्या.