नोव्हा स्कोशिया टार्टन

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांताचे अधिकृत चौकडीचे कापड. निळ्या-हिरव्या पट्ट्यांवर पांढऱ्या, सोनेरी आणि लाल रंगाच्या बारीक रेघा, असे त्याचे रूप आहे. १९५६ मध्ये स्कॉटलंडमधील लॉर्ड लायन (राजचिन्हांचा कारभार पाहणारे अधिकारी) यांच्या न्यायालयात त्याची नोंद झाली. कॅनडातील प्रांतांच्या टार्टनांमध्ये हे पहिले.

प्रांताच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘नवे स्कॉटलंड’. १६२१ मध्ये राजा जेम्स याने सर विल्यम अलेक्झांडर याला सनद देऊन हा प्रदेश बहाल केला. १७७३ मध्ये ‘हेक्टर’ जहाजातून स्कॉटलंडच्या हायलँड या डोंगराळ भागातील कुटुंबे पिक्टू येथे उतरली आणि पुढे हा ओघ वाढत गेला. स्कॉटिश लोक इतके असूनही सगळ्या प्रांताचे म्हणता येईल असे टार्टन मात्र नव्हते. ते जन्मले १९५३ मध्ये, तेही एका मेंढपाळामुळे. हॅलिफॅक्समधील विणकर बेसी मरे यांनी प्रांतातील मेंढीपालनाचा इतिहास दाखवणारा एक भित्तिपट तयार केला. त्यात किल्ट, म्हणजे टार्टनचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, नेसलेला मेंढपाळ होता. स्कॉटिश कुळांची टार्टने वेगवेगळी असतात. मग त्याला कुठल्या कुळाचे टार्टन द्यायचे? एकाचे दिले तर बाकीची कुळे दुखावणार. म्हणून मरे यांनी नवीनच चौकडी रचली. प्रदर्शनात लोकांच्या नजरा त्या इवल्याशा किल्टवरच खिळल्या.

रंग निवडले ते भोवतालातून आणि इतिहासातून. निळा समुद्राचा, हिरवा जंगलांचा, पांढरा ग्रॅनाइटच्या खडकांचा आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटांच्या फेसाचा. सोनेरी रेघ राजाच्या सनदेची आठवण देते, तर लाल रेघ प्रांताच्या राजचिन्हातील सिंहाची. कुळाच्या टार्टनमध्ये रंगांना असा उघड अर्थ सहसा नसतो. तो शोधणारे पुष्कळ असले तरी. इथे मात्र अर्थ आधी ठरला आणि मग धागा रंगला. हेच या कापडाचे खरे वेगळेपण म्हणावे लागेल.

टार्टनची ओळख त्याच्या पट्ट्यांचा क्रम आणि प्रत्येक पट्टीतील धाग्यांची संख्या यांवर ठरते. या क्रमाला ‘सेट’ म्हणतात. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक सेट घेऊ : निळे २४, पांढरे ४, हिरवे १६, सोनेरी ४. सोनेरी पट्टीपाशी पोचल्यावर क्रम उलटा फिरतो, म्हणजे हिरवे १६, पांढरे ४, आणि पुन्हा निळे २४. निळी व सोनेरी या वळणाच्या पट्ट्या दोनदा धरायच्या नाहीत. म्हणून पूर्ण आवर्तन ६८ धाग्यांचे होते. बहुतेक टार्टने अशीच आरशातल्यासारखी फिरतात. ताण्यात (उभ्या धाग्यांत) जो क्रम, तोच बाण्यातही (आडव्या धाग्यांत) ठेवतात, म्हणून चौकटी उमटतात.

वीण ट्विलची असते. बाण्याचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो, आणि पुढच्या ओळीत एका धाग्याने सरकतो. निळ्यावर निळा आला की रंग निखळ दिसतो. निळ्यावर पांढरा आला की दोहोंची तिरकस रेघांची मिसळ दिसते. पैठणीच्या धूपछाव पोतात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. टार्टनमध्ये हीच मिसळ चौकटीचौकटीने बदलत जाते. म्हणूनच पाच रंगांचे सूत घेतले तर ५ निखळ आणि १० मिश्र, अशा एकूण १५ छटा मिळू शकतात. लांबून पाहिल्यावर टार्टन मऊ आणि खोल भासते ते या मिश्र चौकटींमुळे.

नोंदणीची आजची व्यवस्था बरीच अलीकडची आहे. स्कॉटिश संसदेने २००८ मध्ये टार्टन नोंदवहीचा कायदा केला आणि २००९ मध्ये ती नोंदवही सुरू झाली. कायद्याच्या व्याख्येनुसार रचना विणता येण्याजोगी हवी. विणता न येणारे कागदावरचे चित्र चालत नाही.

कॅनडाच्या इतर प्रांतांनीही पुढे आपापली टार्टने स्वीकारली. डेव्हिड वायझर यांनी १९६४ मध्ये रचलेले ‘मेपल लीफ’ टार्टन २०११ मध्ये देशाचे अधिकृत प्रतीक झाले. त्यातील हिरवा, सोनेरी, लाल आणि तपकिरी हे मेपलच्या पानाचे ऋतूंप्रमाणे पालटणारे रंग.

रंगाची नेमकी छटा मात्र गिरणीगणिक बदलू शकते. ‘एन्शंट’ म्हणून विकले जाणारे कापड फिके असते, ‘मॉडर्न’ गडद आणि ‘वेदर्ड’ ऊनपावसात विटल्यासारखे. धाग्यांचा क्रम आणि प्रमाण तेच असेल, तर या तिन्ही रूपांत टार्टन एकच मानतात.