संख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र: नावं सारखी, कामं वेगळी

एम.एस्सी. संख्याशास्त्राला करायचं आणि पीएच.डी. लोकसंख्याशास्त्रात, असं घरी सांगितलं की कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे जनगणनेत नोकरी का?" एखादी मावशी स्वतःची जन्मतारीख सांगू लागते, तिच्या डोक्यात अंकशास्त्र असतं. मावशीला माफ आहे. पण पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलंही या दोन विषयांत गल्लत करतात, आणि त्यावर पुढची पाच-सहा वर्षं अवलंबून असतात.

संख्याशास्त्रज्ञाचं भांडवल म्हणजे पद्धत. नमुना कसा निवडावा, अंदाजात चूक किती असू शकते, हे त्याचे प्रश्न. आकडे भाताच्या पिकाचे असोत, औषधाच्या चाचणीचे असोत की मतदानाचे, त्याला फारसा फरक पडत नाही. कोलकात्यात १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुरू केलेली भारतीय सांख्यिकी संस्था ही या घराण्याची गंगोत्री.

लोकसंख्याशास्त्रज्ञ मात्र तीन गोष्टींना बांधलेला: जन्म, मृत्यू, स्थलांतर. त्यासाठीची मोठी संस्था मुंबईतच आहे, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, स्थापना १९५६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं तिच्याकडे असतात. तिथे एका बाकावर गणितवाला, भूगोलवाली आणि समाजशास्त्रवाला शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

खरा फरक गावातल्या ओट्यावर कळतो. घरातल्या माणसांची यादी भरताना विचारावं, "आजी, वय किती?"

"असंल की साठ."

वयांचा आलेख काढला की ५०, ५५, ६० अशा आकड्यांवर मनोरे उभे राहतात, मधली वयं ओस. नमुना कितीही काटेकोर निवडा, हे मनोरे हलत नाहीत, कारण चूक निवडीत नाही, उत्तरात आहे. मग विचारायचं, "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात?" "पहिलं पोर कडेवर होतं." म्हणजे तेव्हा अठरा-वीसच्या; आज सत्तरीच्या. कोयनेचा भूकंप, पानशेतचा पूर, सगळे असे वय मोजायच्या कामी येतात. शून्य आणि पाचवर संपणारी वयं किती फुगली, हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे: १०० म्हणजे फुगवटा नाही, ५०० म्हणजे सगळ्यांनीच गोल आकडा सांगितला.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. दर हजारी मृत्यू मोजले तर केरळचा आकडा बिहारपेक्षा जास्त भरतो. पाहणी चोख, हिशेब बरोबर, तरी त्यावरून केरळात आरोग्य वाईट म्हणणं हास्यास्पद ठरेल. केरळात म्हातारी माणसं जास्त, बिहारात पोरंटोरं जास्त, एवढीच गोम. दोन्हीकडे वयरचना सारखी धरून पुन्हा मोजलं की चित्र उलटतं. चांगल्या संख्याशास्त्रज्ञालाही हे कळतं, पण लोकसंख्याशास्त्रज्ञाचा दिवस सुरूच इथून होतो.

नोकरीचं म्हणाल तर संख्याशास्त्राचा परीघ मोठा: विद्यापीठ नाही जमलं तर बँक, औषध कंपनी, विमा. लोकसंख्याशास्त्रात प्राध्यापकी, संशोधन केंद्रं आणि आरोग्य प्रकल्प, म्हणजे दारं मोजकीच. बड्या पगाराची आस असेल तर इकडे फिरकू नका, असं मी तोंडावर सांगतो.

कुंपण मात्र पक्कं नाही. सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे मूळचे नमुना पाहणीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. पुण्यात परतल्यावर ते कुपोषणाच्या प्रश्नात शिरले. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दिवसाला २२५० कॅलरींचा आधार घेऊन गरिबी मोजली होती. सुखात्म्यांचं म्हणणं, एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, मग सरासरीखाली दिसला तो उपाशी, असं कसं म्हणता? दांडेकरांना ते मुळीच पटलं नाही. दोघेही पुण्यात राहणारे, दोघेही आकड्यांत मुरलेले, आणि वाद वर्षानुवर्षं चालला.