सिरॅमिक की सेमी-मेटॅलिक: गाडीला कोणते ब्रेक पॅड?

स्पेअर पार्टच्या दुकानात पॅड मागितले की प्रश्न येतो, ‘मेटॅलिक देऊ की सिरॅमिक?’ सिरॅमिक महाग, म्हणून तो वरचा माल, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. दोघांचं काम वेगळं आहे. (स्पोर्ट्स कारचे कार्बन-सिरॅमिक ब्रेक आणखी वेगळे, तिथं पॅड जिच्यावर घासतात ती डिस्कच त्या मटेरियलची असते. नावावरून गफलत नको.)

सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये वजनाच्या साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो: पोलादाचे तंतू, लोखंडाची पूड, कधी तांबं. त्यामुळे ते जास्त ताप सोसतात. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना त्यांची पकड टिकते. बदल्यात चाकांवर काळी पूड, थोडा आवाज आणि डिस्कची जास्त झीज. धातूतून उष्णता ब्रेक ऑइलपर्यंतही पोचते, म्हणून ऑइल जुनं असेल तर पॅडबरोबर तेही बदलाच. ओलावा धरलेलं ऑइल लवकर उकळतं आणि पेडल पार खाली जातं.

सिरॅमिकमध्ये पोलादाचे तंतू नसतात. पूड बारीक आणि फिकट, आवाज कमी, डिस्कला सौम्य. ऑफिस-घर, सिग्नल, सोसायटीचं पार्किंग एवढंच करणाऱ्या गाडीला झकास. लांब उतारावर सतत तापले की मात्र रस्त्यावरच्या गाड्यांचे सिरॅमिक पॅड बहुधा आधी ढिले पडतात.

पकड किती, हे मात्र या नावांवरून कळत नाही. पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती बघा. पहिलं सर्वसाधारण तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ ०.३५ ते ०.४५, ‘जी’ ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला ‘एफएफ’ पुरेसं. ‘एफई’ दिसलं तर तापल्यावर पकड उतरते असं समजा. घाटाला ते नको.

बसवताना डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला. पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन मागे दाबण्याआधी ऑइलच्या टाकीकडे लक्ष द्या, नाहीतर ती ओसंडते आणि ऑइल रंग खातं. ब्रेकची बॉडी ज्यांवर सरकते त्या स्लायडर पिनला ब्रेकचंच ग्रीस. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला बोटसुद्धा लावू नका. जुन्या डिस्कवर वेगळ्या जातीचे पॅड येत असतील तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं तिच्यावरचा आधीचा थर काढा, मग ब्रेक क्लीनरनं पुसा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही.

आता पॅड जुळवणं. दोन्ही प्रकारांना ते लागतंच, कारण पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढल्यावरच पूर्ण पकड येते. पाकिटावर कृती दिली असेल तर तीच करा. नसेल तर रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोरानं आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबायचं नाही. दोन ब्रेकमध्ये थोडं अंतर जाऊ द्या. नंतर दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथेच. तापलेले पॅड सिग्नलला दाबून धरले की त्या जागी डिस्कवर जाड ठसा उमटतो, आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. ‘डिस्क वाकली’ म्हणून थेट नवी जोडी घेण्याआधी जुळवणीची फेरी पुन्हा एकदा करून बघा. ठसा ताजा असेल तर घासून जातो. तरीही थरथर राहिली तर डायल गेजनं डिस्कचा डगमग आणि मायक्रोमीटरनं जाडी मोजून घ्या. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ आली असेल तर लेथवर लावू नका, बदलाच.