त्वचेची काळपुळी

त्वचेची काळपुळी (अँथ्रॅक्स, फाशी) हा बॅसिलस अँथ्रॅसिस या जिवाणूमुळे माणसाला होणारा कातडीचा रोग. काळपुळीने मेलेली गाय-म्हैस किंवा शेळी-मेंढी सोलताना, मांस कापताना, कातडे वा लोकर हाताळताना खरचटलेल्या जागेतून जंतू शिरतात. माणसातील काळपुळीचे 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण याच प्रकारचे असतात. ओडिशातील कोरापुट जिल्ह्यात मेलेली जनावरे सोलण्या-खाण्यातून याच्या साथी पुन्हापुन्हा आल्या आहेत.

बहुधा 1 ते 7 दिवसांत हातावर, मानेवर किंवा चेहऱ्यावर खाजरी पुळी उठते. तिचा पाणीदार फोड होतो, तो फुटून मधोमध काळी, कोरडी खपली धरते. भोवती सूज भरपूर, पण ठणका नाही आणि पूही नाही. दुखत नाही म्हणून अंगावर काढले जाते, आणि धोका तिथेच आहे: उपचाराविना 10 ते 20 टक्के रुग्ण दगावतात, वेळेवर औषध मिळाल्यास 1 टक्क्याहून कमी. मेलेले जनावर हाताळले होते, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे.

शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी फोडातील पाण्याचा किंवा खपलीच्या कडेखालचा नमुना घेतात. अहवालासाठी औषध मात्र थांबवत नाहीत. साध्या दुखण्यात प्रौढांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन 500 मिग्रॅ किंवा डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस देतात. लहान मुले व गरोदर स्त्रियांसाठी निवड डॉक्टरच करतात. ताप, पसरती सूज, चेहऱ्या-मानेवरची पुळी असेल तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषध द्यावे लागते.

खपली कापू, खरवडू किंवा डागू नये. त्याने जंतू रक्तात पसरू शकतात. ती जंतूंच्या विषामुळे होते, त्यामुळे जंतू मेले तरी तिचा क्रम पुरा होतो. सूजही पहिले एक-दोन दिवस वाढते. औषध लागू पडत नाही असे समजून गोळ्या सोडणे ही इथली नेहमीची चूक. जखम कोरड्या पट्टीने झाकावी, काढलेल्या पट्ट्या जाळाव्यात. हात साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावेत. सॅनिटायझरने या जंतूंचे बीजाणू (जंतूंचे कवचबंद, टिकाऊ रूप) मरत नाहीत.

अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर ते फाडू नये. हवा लागताच जंतू बीजाणू बनवतात आणि ते मातीत कित्येक दशके टिकतात. पशुवैद्यकाला कळवून शव जाळावे, नाहीतर किमान 6 फूट खोल पुरावे. अशा भागात गुरांना दरवर्षी पावसाळ्याआधी स्टर्न लस टोचतात. ती जिवंत बीजाणूंची असल्याने त्या सुमारास जनावराला प्रतिजैविक दिल्यास लस वाया जाते.